एक-चौदावर नाव कुणाचं, जमीन कुणाची

गोव्यात जमिनीचा विषय निघाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: एक-चौदा काढून बघ. सल्ला वाईट नाही. तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि पोटहिस्सा माहीत असला की नमुना एक व चौदाचा उतारा हल्ली पोर्टलवर घरबसल्या दिसतो, थोडे पैसे भरले की सहीशिक्क्याचाही मिळतो. घाटावर सातबारा, तसा आमच्याकडे हा. पण त्यावर ज्याचं नाव त्याची जमीन, असं धरून जो बयाणा देतो त्याची पुढची काही वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात जातात.

माझ्या भावाच्या घराला लागून बार्देशात एक भाट, म्हणजे माडांची बाग, आहे. ते विकायला निघालं. भाऊ बोटीवर असतो, म्हणजे वर्षातले बरेच महिने समुद्रात. त्याचा मेसेज आला, ‘ताई, तू म्हापशात आहेस, कागद तूच बघ. मला जमीन नको असं नाही, पण डोकेदुखी नको.’

एजंटाने दोनच कागद पाठवले होते. एक-चौदा, आणि त्यावर ज्याचं नाव होतं त्या मालकाच्या नातवाच्या नावचं कुलमुखत्यारपत्र. ‘टायटल एकदम क्लिअर, मॅडम. बयाणा या आठवड्यात झाला तर बरं, दिल्लीची पार्टी थांबलीय.’ गोव्यातल्या प्रत्येक भाटामागे हल्ली दिल्लीची एक पार्टी थांबलेली असते. मला अजून त्यातली एकही भेटलेली नाही.

घाई न करण्याला कारण होतं. २०२२ साली जमीन हडपण्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली, सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं, मग निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग. बऱ्याच जमिनी बार्देशातल्याच. पद्धत साधारण सारखी: मालक मेलेला किंवा परदेशात, वारस विखुरलेले, एक-चौदावर जुनंच नाव, आणि मग कुठून तरी पोर्तुगीज काळातलं एक खरेदीखत उगवतं, जे त्या काळात कुणी लिहिलेलंच नसतं. आमच्या भाटातही मालक मेलेला आणि नाव जुनंच होतं. तेवढ्याने कुणी लबाड ठरत नाही, गोव्यातल्या निम्म्या भाटांची हीच कथा आहे. पण बघणं भाग होतं.

तर आधी एक-चौदाच नीट वाचला. लोक थेट कब्जेदाराच्या नावावर जातात आणि बाकीचा कागद सोडून देतात. वरच्या भागात क्षेत्र असतं, तेही प्रकारवार: जिरायत, बागायत, भात, खाजन, केर, मोरड. आमच्या भाटाचं सगळं क्षेत्र बागायतीत. हे आधी बघावं, कारण भातशेती असती तर गोष्ट तिथेच संपली असती. २०२३ च्या कायद्याने भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही. त्याखाली आकार, फोर, प्रेदियाल असे रकाने. फोर म्हणजे कोमुनिदादीने, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेने, किंवा कुणी मूळ धन्याने कायमच्या भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीवरचा वार्षिक खंड. तिथे काही आकडा असेल तर मागे आफ्रामेंत, म्हणजे असा कायमचा भाडेपट्टा, आहे हे समजायचं आणि कोमुनिदादीकडे चौकशी करायची. आमच्याकडे रकाना कोरा. कुळाचा रकाना कोरा. इतर हक्कांचा रकानाही कोरा, आणि मला नेमकी तीच गोष्ट खटकली, कारण भाटाच्या एका कोपऱ्यात कौलारू घर आहे आणि त्यात माणसं राहतात, हे भावाच्या बाल्कनीतून दिसतं.

कब्जेदार म्हणून एकच नाव. त्याच्यासमोर म्युटेशन (फेरफार) नंबर नाही. म्हणजे हे नाव १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली झालेल्या सर्वेक्षणात, सत्तरच्या दशकात, जे लिहिलं गेलं तेच. सर्वेक्षणाला माणसं गावात आली तेव्हा जागेवर जो हजर, ज्याला शेजारीपाजारी ओळखत, त्याचं नाव बहुधा लागलं. भाऊभाऊ असले तर थोरल्याचं. बायकोचं जवळजवळ कधीच नाही. कायदा म्हणतो की हक्कनोंदणीतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. पण ती नोंद मालकी देत नाही, हे कोर्टांनी इतक्यांदा सांगितलंय की वकील लोक ते झोपेतही म्हणतील.

मग नाव लागलं तेव्हा त्या माणसाकडे जमीन आली कुठून, हा प्रश्न. त्यासाठी पोर्तुगीज काळातल्या लँड रजिस्ट्रेशनच्या पुस्तकांकडे जावं लागतं. त्या व्यवस्थेत प्रत्येक मिळकतीचं आधी वर्णन होई, त्याला दिश्क्रिसांव नंबर मिळे: अमुक पुस्तक, अमुक पान. मग ती मिळकत कुणाच्या नावे झाली, गहाण पडली, वाटणीत गेली, याच्या नोंदी वेगळ्या, त्या इन्स्क्रिसांव. पहिल्यात जमीन, दुसऱ्यात माणसं. करवसुलीसाठी तिसरंच पुस्तक, मात्रिझचं. नोंदणी सक्तीची नव्हती, म्हणून कितीतरी जमिनींना दिश्क्रिसांवच नाही. सापडली नाही म्हणून मालकी नाही असं होत नाही, आणि सापडली की मात्र पुष्कळ काम हलकं होतं.

अडचण ही की त्या पुस्तकात सर्व्हे नंबर नसतो. तो तर नंतर जन्मला. मिळकत ओळखायची ती नावाने आणि चतुःसीमांनी. भाटाचं जुनं नाव काय, हे विचारायला मी गावात गेले. नातवाला ठाऊक नव्हतं. शेजारच्या घरातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी क्षणात सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की ते नाव वरच्या अंगाचं, खालच्या अंगाला दुसरं म्हणतात.

नावांच्या सूचीत शोधणं हा वेगळाच खेळ. पोर्तुगीज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. शेणव्यांचा सिनाय झाला, प्रभूचा पोरोबो, कामत झाले कामोतीं. शंकर शोधायचा असेल तर एक्सखाली बघायचा आणि केणी क्यूखाली. एक-चौदावरच्या आमच्या माणसाचं आडनाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी सापडलं. हे एकदा डोक्यात बसलं नाही तर ‘नोंद नाही’ असा शेरा घेऊन माणूस घरी परततो. कार्यालयातल्या एका जुन्या कर्मचाऱ्याने मला पहिल्याच खेपेला बजावलं होतं, ‘बाय, तुम्ही जसं उच्चारता तसं शोधू नका. पाद्रीने जसं ऐकलं असतं तसं शोधा.’

वर्णन सापडलं. मोठं जाड पुस्तक, पानाच्या कडा बिस्किटासारख्या तुटणाऱ्या, शाई तपकिरी झालेली, अक्षर मात्र असं की आजच्या कुठल्याही सरकारी कागदाला लाज वाटावी. मला पोर्तुगीज येत नाही. म्हापशातले एक निवृत्त शिक्षक असले कागद वाचून देतात, त्यांना बरोबर नेलं होतं. सरांनी बोट न टेकवता, वरूनच फिरवत वाचलं. पाल्मार, म्हणजे माडांची बाग. पूर्वेला नाला. पश्चिमेला सार्वजनिक वाट. उत्तरेला एका कुटुंबाची मिळकत. दक्षिणेला गावच्या कोमुनिदादीचा डोंगर. वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचं, आणि समासात नंतरच्या नोंदींचे नंबर. त्यातला शेवटचा आमच्या माणसाचा: १९५२ साली नोटरीसमोर झालेल्या खरेदीवरून मिळकत त्याच्या नावे. त्याच्या नावापुढे एक शब्द होता, काझादु. विवाहित. ‘हा शब्द लिहून घ्या, पुढे लागेल,’ सर म्हणाले.

आता ही जुनी मिळकत म्हणजे आजचा हाच सर्व्हे नंबर, हे कसं ठरवायचं? एजंटाचं उत्तर सोपं होतं: ‘तीच हो, दुसरी कुठली असणार?’ आमच्या वकील बाईंचं उत्तर कामाचं होतं: शेजाऱ्यांचे एक-चौदा काढा. सर्व्हेचा नकाशा घेतला, भाटाला चारी बाजूंनी भिडणारे नंबर लिहून काढले आणि एकेक उतारा उघडत गेले. पूर्वेला नकाशावर नाला आहेच. दक्षिणेच्या नंबरवर कब्जेदार कोमुनिदाद. उत्तरेच्या नंबरवर तेच आडनाव, दोन पिढ्या पुढचं. तीन बाजू जुळल्या तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दकोडं सुटल्याच्या जवळपासचा होता, आणि भावाला मी तसा मेसेजही केला.

चौथी बाजू मात्र गमतीची निघाली. पश्चिमेला आज डांबरी रस्ता आहे, वर्णनातही वाट आहे, म्हणजे जुळलं असं वाटतं. पण रस्त्यापलीकडच्या चिंचोळ्या तुकड्याचा एक-चौदा उघडला तर तिथेही कब्जेदार आमचाच माणूस. म्हणजे जुनी वाट आणखी पलीकडे होती, आणि नंतर झालेल्या रस्त्याने एकाच मिळकतीचे दोन सर्व्हे नंबर केले होते. त्या पलीकडच्या तुकड्यावर मात्र आज दुसऱ्याच कुणाचं दुमजली घर उभं आहे. एक-चौदावर नाव एकाचं, घर दुसऱ्याचं.

एजंटाला विचारलं. ‘तो विषय वेगळा, मॅडम.’

वेगळा नव्हता. सबरजिस्ट्रारकडे नोंदलेल्या स्थावर मालमत्तेच्या दस्तांचं पहिलं पुस्तक आणि त्याच्या सूच्या बघण्याचा हक्क, फी भरली की, कुणालाही असतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं ५७ वं कलम तेच सांगतं. तुमचा त्या जमिनीशी संबंध काय, असा प्रश्न तिथे यायचं कारण नाही. लोक बहुधा नुसता बोजा नसल्याचा दाखला मागून मोकळे होतात. तो दाखला दिलेल्या मुदतीपुरता आणि तुम्ही दिलेल्या वर्णनापुरता असतो. कुळाचा दावा, मुंडकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा हक्क, कोर्टात चाललेली इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचं काम, त्यात दिसेलच असं नाही. म्हणून मी सूचीत माणसाच्या नावाने शोधलं, सगळ्या स्पेलिंगांनी, आणि मग त्याच्या बायकोच्या नावाने. बायकोच्या नावाने सापडलं.

१९९० चं खरेदीखत. रस्त्यापलीकडचा तुकडा विकल्याचं. घेणाऱ्याने पुढे म्युटेशन केलंच नाही, म्हणून एक-चौदावर अजून जुनं नाव होतं. पस्तीस वर्षं घर बांधून राहतोय, पण मामलेदाराच्या लेखी तो तिथे नाहीच. त्याच्या कमनशिबाने माझं भलं झालं. कारण त्या खतात विकणाऱ्यांची यादी होती, आणि ती वाचण्यासारखी होती. पहिल्या नंबरावर विधवा आई. मग चार मुलं, प्रत्येकाच्या पुढे नवरा किंवा बायको. आणि सर्वांत शेवटी आणखी एक विधवा बाई, ‘कै. अमुक यांची पत्नी’. नातवाने आम्हाला सांगितलेल्या कुटुंबात ही बाई कुठेच नव्हती. त्याने सांगितलं होतं चार भावंडं. कागद सांगत होता पाच, त्यातला एक निपुत्रिक वारला, बायको मागे राहिली.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी इथे थोडं थांबते. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता आमच्याकडे १८७० पासून लागू झाली आणि मुक्तीनंतरही राहिली. वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात आला, तो २०१६ च्या डिसेंबरपासून अमलात आहे, पण गाभा तोच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक, निम्मी निम्मी, लग्नाआधीची आणि वारशाने आलेलीसुद्धा. मुलीचा वाटा मुलाइतका, आणि तो गेल्या महिन्यात कुणी दिलेला नाही. आईबापांना मृत्युपत्राने मनासारखं वाटता येतं ते निम्म्यापुरतंच, उरलेलं मुलांचं. याचा जमीन घेणाऱ्यावर होणारा परिणाम असा की प्रत्येक सहीमागे आणखी एक सही असते. विकणाऱ्या मुलीचा नवरा सही करतो, मुलाची बायको करते. ‘काझादु’ हा शब्द सरांनी त्याचसाठी लिहून घ्यायला लावला होता.

वकील बाईंनी टेबलावर कोरा कागद ओढला आणि मृत्यूच्या तारखा विचारल्या. मी दाखले काढून ठेवले होते, जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदी तालुक्याच्या नागरी नोंदणीकडे असतात. बाप १९८४ ला गेला. निपुत्रिक मुलगा १९८७ ला. आई १९९५ ला. ‘हा क्रम उलटा असता, मुलगा बापाआधी गेला असता, तर ह्या बाईला काही मिळालं नसतं,’ त्या म्हणाल्या आणि हिशेब मांडला. भाट नवरा-बायकोचं, म्हणून बाप गेला तेव्हा वाटणीला आला तो त्याचा निम्मा भाग. त्याचे पाच वाटे. मुलाला पाचवा मिळाला तेव्हा तो जिवंत होता, विवाहित होता, म्हणून त्या पाचव्यातलं अर्धं बायकोचं, तिच्या स्वतःच्या हक्काने. उरलेलं अर्धं, मूलबाळ नसल्यामुळे, वर आईकडे गेलं. निम्म्याच्या पाचव्याचं निम्मं: भाटाचा विसावा भाग त्या बाईंचा, म्हणजे नातवाच्या काकींचा. एक-चौदावर त्यांचं नाव कधी नव्हतं, पुढेही आलं नसतं.

आणि ते कुलमुखत्यारपत्र? ते पाचांपैकी दोघांनी नातवाला दिलेलं. त्या दोघांतला एक दरम्यान वारला. देणारा गेला की मुखत्यारपत्रही गेलं. दुसऱ्याचं परदेशात केलेलं होतं, त्यावर अपोस्तिल, म्हणजे परदेशी कागद खरा असल्याचा शिक्का, होतं ते ठीक, पण असा कागद भारतात आल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागायला हवा, तो लागलेला नव्हता. एजंटाचं ‘एकदम क्लिअर’ इथवर येऊन पोचलं होतं.

नातू लबाड होता असं मला वाटत नाही. त्याला मी भेटले, भला मुलगा आहे. काकी त्याच्या जन्माआधीच माहेरी, बेळगावला निघून गेल्या होत्या. घरात त्यांचं नाव कुणी काढत नसे. का, ते मी विचारलं नाही. १९९० ला तुकडा विकताना मात्र त्याच घरातल्या कुणाला तरी त्यांची सही लागते हे नीट ठाऊक होतं, आणि ती घेतलीही होती.

राहिला तो कोपऱ्यातल्या कौलारू घराचा प्रश्न. एक-चौदाचा इतर हक्कांचा रकाना कोरा असला म्हणून मुंडकार नसतो असं नाही. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत राहणाऱ्याला संरक्षण मिळालं, राहतं घर विकत घेण्याचा हक्कही मिळाला; पंचायत क्षेत्रात घरासह ३०० चौरस मीटर किंवा घराभोवती पाच मीटर, यांतलं जे जास्त भरेल ते. मामलेदाराकडे मुंडकारांची नोंदवही असते, तिच्यात या घराची नोंद नव्हती. पंचायतीच्या घरपट्टीच्या वहीत मात्र घर क्रमांक होता आणि घरपट्टी त्या घरातल्या आजीच्या नावावर, फार पूर्वीपासून. वीजजोडणीही त्यांच्याच नावाची. सर्व्हेच्या नकाशावर घराची चौकट काढलेली, म्हणजे सत्तरच्या दशकात घर उभं होतं. मी आजींशी बोलायला गेले तेव्हा त्यांनी आतून पत्र्याची पेटी आणली. सगळ्या पावत्या, सालवार, सुतळीने बांधलेल्या. इतकी व्यवस्थित फाइल मला या सगळ्या शोधात दुसरी दिसली नाही. जमीन विकली जातेय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ‘विकूंदेत गो,’ त्या म्हणाल्या, ‘आमी हांगाच.’

बाकीच्या गोष्टी पटकन उरकल्या. नगरनियोजन खात्याकडून झोनिंगचा दाखला घेतला. प्रादेशिक आराखडा २०२१ प्रमाणे रस्त्यालगतचा पट्टा वसाहतीत आणि मागचा भाग फळबागेत. एजंट सगळ्याचा दर वसाहतीचा लावत होता. कोर्टांच्या संकेतस्थळावर नावांनी खटले शोधले, सगळ्या स्पेलिंगांसकट, काही निघालं नाही. १९८४ नंतर इन्व्हेंटरी झाली होती का, तेही दिवाणी न्यायालयाच्या रेकॉर्डमध्ये बघून घेतलं. झाली नव्हती. कोमुनिदादीच्या कारकुनाने त्यांच्याकडचा जुना नकाशा उघडून दाखवला, डोंगराची हद्द भाटाच्या बांधालाच थांबत होती.

मग वकील बाईंनी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात: अमुक मिळकत आमचे अशील घेऊ इच्छितात, कुणाचा हक्क असल्यास पंधरा दिवसांत कळवावं. ही नोटीस लोक उपचार म्हणून देतात. कुणी वाचतं का, असं मलाही वाटायचं. बेळगावहून फोन आला. काकींचा भाचा गोव्यात नोकरीला, त्याने वाचली होती. काकी आता ऐंशीच्या पुढे. फोनवर त्यांनी मला पहिला प्रश्न पैशांचा विचारला नाही. विहिरीजवळचा घोटिंगाचा आंबा अजून आहे का, हे विचारलं. आहे, म्हटलं. मग पैशांचं विचारलं, आणि तेही बरोबर विचारलं: विसावा भाग तुम्ही कुठला दर धरून काढलात?

यानंतर एजंट हळूहळू दिसेनासा झाला. कुटुंबाशी बोलणं सरळ सुरू झालं तेव्हा ते सोपंच निघालं, कारण कागद सगळ्यांसमोर होते आणि भांडायला मुद्दा उरला नव्हता. त्यांनी विशेष नोटरीपुढे वारसनाम्याचा दस्त केला, त्यात काकींसह सगळे आले. मुंडकाराच्या घराचं मामलेदारासमोर आधी मिटवायचं ठरलं. आजींच्या मुलाने खरेदीचा अर्ज केला, भाटकारांनी हरकत घेतली नाही, ३०० चौरस मीटर वेगळे निघाले. ते वजा करून, आणि फळबागेच्या भागाला फळबागेचा दर लावून, भावाने उरलेलं घेतलं. दस्ताच्या दिवशी सबरजिस्ट्रारच्या कार्यालयात इतकी माणसं जमली की बाहेरच्या झेरॉक्सवाल्याने विचारलं, लग्न आहे काय? काकी आल्या होत्या, भाच्याच्या हाताला धरून. नातवाने त्यांना वाकून नमस्कार केला आणि दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचलं नाही, तेवढ्यात अंगठ्यांसाठी नाव पुकारलं.

भाऊ तेव्हा सुट्टीवर होता, पण म्युटेशनची नोटीस निघेपर्यंत पुन्हा बोटीवर गेला. अर्ज भरून देणारा म्हणाला, ‘नाव भावाचंच घाला, एकच नाव पुरतं, सगळे तसंच करतात.’ वहिनी माझ्या शेजारी बसली होती. तिने अर्ज त्याच्या हातातून घेतला, स्वतःचं पूर्ण नाव दुसऱ्या ओळीत लिहिलं, स्पेलिंग आधारकार्डाशी ताडून बघितलं आणि मग परत दिला.